टेंभरीच्या नाल्याचे आकडे

नोकरीच्या पहिल्याच फेरीला सुलोचना थूल नाल्याकाठी बसून ओकली. सकाळी बोरगावहून निघताना आईने बळेच अर्धी भाकर खायला लावली होती, ती सगळी बाभळीच्या बुंध्याशी गेली. बाटल्यांची पेटी घेऊन तिच्यासोबत आलेला कार्यालयाचा शिपाई तानबा दुपट्ट्याने नाक बांधून पुलाच्या कठड्यावर बसला होता. तिचं आटोपेपर्यंत त्याने दुसरीकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "होते असं, बाई. मी तं सुरुवातीले बुधवारचा जेवतच नव्हतो. आता बुधवारी तंबाखू जास्त खातो, बस."

आर्वीच्या रस्त्याने गेलं की टेंभरीचा हा पूल लागे. पुलाच्या वरच्या अंगाला, कोसभर दूर, पुठ्ठ्याचा कारखाना निघाला होता. गव्हांडा, म्हणजे गव्हाचा पेंढा, चुन्याच्या पाण्यात कुजवायचा, शिजवायचा, लाटायचा आणि उरलेलं पाणी नाल्यात सोडून द्यायचं, असा तो धंदा. पुलाखालून जे वाहत होतं त्याला पाणी म्हणायला जीभ रेटत नव्हती. काकवीच्या रंगाचा दाट रस, वर पिवळट फेसाचे गोळे, आणि काठाच्या दगडांवर शेवाळाच्या जागी बसलेला बुळबुळीत राखी थर. वास असा, की तो नाकात न थांबता घशात उतरे आणि घरी जाऊन डोकं धुतलं तरी वेणीत राही.

या पुलाखालच्या सिमेंटच्या ओट्यावर पिवळ्या रंगाने आकडा घातलेला होता. ते होतं टेंभरीचं पाणीतपासणी केंद्र. पाण्याच्या घाणीचा कायदा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, जिल्ह्यात अशी डझनभर केंद्रं ठरवली होती, आणि एकोणऐंशी साली वर्ध्याच्या छोट्या कार्यालयात सुलोचना सहायक म्हणून लागली होती. तिचे वडील लहानू थूल जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधत. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतले तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की पोरगा होवो की पोरगी, शाळेतून उठवायचं नाही. पोरगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. लहानूजी आळीत सांगत, "आमची सुली पान्याची डाक्टर हाये."

काम तसं सोपं होतं. बाटली तोंडापर्यंत भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि जागच्या जागी त्यात दोन औषधं टाकायची. पाण्यात प्राणवायू असला तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसला तर साका पांढराफटक. जिथे प्राणवायू नाही तिथे मासा नाही, बेडूक नाही, काहीच जगत नाही. टेंभरीच्या बाटलीत पांढरा साका बसला. सुलोचनाने ती बाटली उन्हात धरून पाहिली आणि वहीत शून्य लिहिलं.

आठवडाभर बाटल्या तपासून महिनाअखेर तक्ता करायचा, तो कार्यालयप्रमुख गुल्हाने साहेबांनी तपासायचा, आणि तिथून तो मुंबईच्या मुख्य कार्यालयाला जायचा. तिथे म्हणे यंत्र होतं आणि सगळ्या राज्यातल्या नद्यांचे आकडे त्या यंत्राच्या पोटात साठवत.

गुल्हाने साहेब स्वच्छ माणूस होते. धुतलेला पांढरा बुशशर्ट, खिशात रुमालाची घडी, टेबलावर डेटॉलची बाटली. तक्ता हातात घेण्याआधी ते हात धुवत आणि तक्ता ठेवल्यावरही. टेंभरीच्या नाल्यावर ते एकदाही गेले नव्हते. पहिला तक्ता त्यांनी लाल पेन्सिल घेऊन वाचला आणि टेंभरीपाशी थांबले.

"सुलोचनाबाई, हे शून्य कसं?"

"प्राणवायू नाहीच सर. साका पांढरा बसला."

"पाटबंधारेवाल्यांनी आधी चार-पाच वर्षं इथलं पाणी तपासलंय. त्यांची सरासरी सहाच्या वर आहे. सहावरून एकदम शून्य?"

"तेव्हा कारखाना नव्हता, सर."

साहेबांनी पेन्सिलीने शून्याभोवती गोल काढला आणि समासात नेटकं अक्षर काढलं, 'सं.' म्हणजे संशयास्पद. मुंबईचा नियमच होता की जो आकडा जुन्या सरासरीपासून फार ढळेल तो संशयास्पद धरावा आणि पुन्हा तपासावा. गुल्हाने साहेब पहिला अर्धा नियम पाळत.

"पाणी घाण आहे हे मलाही कळतं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण आकडा पाठवला की विचारणा येते. विचारणा आली की उत्तर द्यावं लागतं. तुमच्याजवळ आहे उत्तर?"

त्यांनी हात धुतले. सुलोचनाला त्या डेटॉलच्या वासाने जेवढी शिसारी आली तेवढी नाल्याच्या वासाने आली नव्हती.

वर्षअखेरीला दुसरी गोष्ट कळली. वार्षिक तक्त्यात रिकामी चौकट चालत नसे, कारण मुंबईच्या यंत्राला म्हणे रिकामं काही समजत नाही. मग संशयास्पद म्हणून गाळलेल्या जागी जुनी सरासरी भरायची. ती जुनी सरासरी म्हणजे कारखान्याच्या आधीचं पाणी. त्या पाण्यात पोरं डुंबत आणि बाया लुगडी धूत. टेंभरीच्या ओळीत सहा पूर्णांक काहीतरी, सहा पूर्णांक काहीतरी असे आकडे ओळीने भरायचे होते, आणि सुलोचनाचं अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी ते काम तिच्याकडेच दिलं. नोकरी नवी होती, कायम व्हायची होती. तिने भरले. घरी गेल्यावर आई मीराबाईने ताट वाढलं तर सुलोचना म्हणाली, "मले भूक नाई, आई."

"आज काही बुधवार नाई," मीराबाई म्हणाली. पोरीच्या न जेवण्याचा वार आता तिलाही पाठ झाला होता.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एकदा तानबा बाटल्या बर्फात रचत असताना काठावरच्या घरातून एक बाई खाली आली. कौशल्याबाई तिचं नाव, घरची शेती, अंगावर धुतलेलं नऊवारी. तिच्या कडेला नातू होता, तीनेक वर्षांचा. नाल्यात खड्डा खणून झिरपलेलं पाणी गाव आंघोळीला नेत होतं, विहीर आटली होती. पोराच्या पायांना गुडघ्यापर्यंत चट्टे उठले होते, काही फुटून पिवळे झाले होते, माशा बसत होत्या आणि पोरगं माशा उडवायचंही विसरलं होतं.

"बाई, तुमी दर बुधवारी पानी नेता. काय निघते त्याच्यातून?"

"यानं पोराले धुऊ नका, मावशी. हातही लावू नका."

"मंग कायनं धुवाचं? दुसरं हाये काय?"

सुलोचनाने बाटलीचं बूच आवळलं. कौशल्याबाईने दोघांना चहाला वर बोलावलं. ओसरीवर बसल्यावर तिने सहज विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हन्लं, बाई?"

"थूल."

कौशल्याबाई आत गेली. चहा आला तेव्हा तानबाला कपबशीत आला आणि सुलोचनाला वळचणीला खोचलेल्या कान तुटलेल्या कपात, तोही आधी विसळून आणि लांबून ठेवलेला. तानबाने आपली बशी खाली ठेवली. सुलोचना उठली, पदर सावरला आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. ज्या पाण्याला या घरच्या म्हशी तोंड लावत नव्हत्या त्या पाण्यात नातवाला बुचकळणारी बाई तिच्या ओठांचा विटाळ मानत होती. बसमध्ये तानबाने शेजारी बसून बाटल्यांची पेटी पायांमध्ये घेतली. मग म्हणाला, "पुढल्या बारीले थर्मासात चहा आनत जाऊ, बाई."

पावसाळा सरता सरता मुंबईहून छापील वार्षिक अहवाल आला. गुळगुळीत कागद, निळं पुठ्ठ्याचं वेष्टन. सुलोचनाने टेंभरी काढून पाहिलं. तिने स्वतः भरलेली सरासरी तिथे छापून आली होती, आणि त्यापुढे शेवटच्या रकान्यात शेरा होता, 'आंघोळीस योग्य'.

तिने तो शेरा पुन्हा वाचला. त्या पोराचे पाय तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. कौशल्याबाईचा कपही हलेना. दोन्ही किळसा एकमेकींत अशा मिसळल्या की कुठली कोणाची हे तिला सांगता आलं नसतं. पण एक गोष्ट तिला लख्ख दिसली. कपाची घाण कौशल्याबाईची होती. हा शेरा मात्र तिच्या स्वतःच्या अक्षरातून निघाला होता.

पुढच्या मार्चमध्ये गुल्हाने साहेब मुलीच्या लग्नासाठी अकोल्याला रजेवर गेले आणि वार्षिक तक्ता रवाना करायचं काम सुलोचनावर आलं. टेंभरीच्या ओळीत तिने सरासरी भरली नाही. बारा चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि शेऱ्यात लिहिलं, 'नमुने घेतले. प्राणवायू शून्य आढळला. आकडे कार्यालयाने संशयास्पद ठरवून गाळले. फेरतपासणी झाली नाही.' खाली पूर्ण नावाने सही केली आणि पाकीट तानबाच्या हाती दिलं. यात काही शौर्य आहे असं तिला वाटलं नाही. आंबलेलं अन्न थुंकून टाकल्यावर जेवढं बरं वाटतं तेवढंच वाटलं.

साहेब परतले, नक्कल वाचली, आणि ती टेबलावर पालथी ठेवली. "तुम्ही माझं नाक कापलंत, सुलोचनाबाई," एवढंच म्हणाले.

मुंबईहून विचारणा आलीच. पाठोपाठ जीप घेऊन एक मोठे अधिकारी आले. सुलोचनाला वाटलं, आता हे पाहतील. जीप पुलावर थांबली. अधिकाऱ्यांनी काच अर्धी खाली केली आणि लगेच वर केली. आतूनच त्यांनी गुल्हाने साहेबांना विचारलं की कारखाना कोणत्या बाजूला आहे. मग म्हणाले, "जागाच चुकली आहे. इतक्या जवळच्या पाण्यावरून नाल्याची सर्वसाधारण स्थिती कशी कळणार? म्हणून तर आकड्यांची प्रत बिघडते. केंद्र वर सरकवा."

वर म्हणजे कारखान्याच्याही वर, जिथे नाला नुसत्या शेतांमधून येत होता. पंधरवड्यात तिथे नवा ओटा झाला. त्याच्यावर पिवळा आकडाही तोच घातला, म्हणजे मुंबईच्या यंत्रासाठी केंद्र जागचं हललंच नव्हतं. पहिल्या बुधवारी ती दोघं तिथे गेली तर काठाला लव्हाळी होती, खंड्या होता, बाटलीत तपकिरी साका बसला. तानबाने नाकावरचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला. "आता बरं हाये, बाई. वास नाई."

खरंच बरं होतं. सुलोचनाने खोल श्वास घेतला, आणि आपल्या छातीला इतकं बरं वाटतंय याचीच तिला घृणा आली.

पुढच्या दिवाळीआधी एका रविवारी कौशल्याबाई बोरगावला सुलोचनाच्या घरी आली. सोबत तिचा दीर रामाजी होता. दोघं खाटेवर अवघडून बसले. रामाजी बोलला, "गावानं कलेक्टरकडं अर्ज करायचं ठरवलं हाये. पन तिथं म्हन्तात, पानी घान असल्याचा कागद आना. नाकाची साक्ष चालत नाई म्हन्ते."

मीराबाईने चहा आणला, घरातल्या चांगल्या कपांमधून. रामाजीने कप हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. कौशल्याबाई म्हणाली, "नोको बाई, आत्ताच घेऊन आलो."

मीराबाईने कप उचलून नेले. आतून ते मोरीत ओतल्याचा आवाज आला.

लहानूजी दारातच उभे होते. पाहुणे ऐकतील याची पर्वा न करता त्यांनी मुलीला विचारलं, "काऊन देतं तू याहिले कागद? घोटभर चा पेवत नाई आपल्या घरचा, आन् कागद पायजे."

"मले त्या पोराचे पाय दिसतात, बाबा," सुलोचना म्हणाली. "मानसं कशी का असनात. आकडा खरा हाये."

तिने त्याच वेळी बसून साध्या कागदावर आठवतील तेवढे, पक्के ठाऊक असलेले आकडे उतरवले, त्यांचा अर्थ लिहिला, आणि खाली आपलं नाव, हुद्दा, पत्ता. कागद कौशल्याबाईच्या हातात न देता तिने तो खाटेवर ठेवला. कौशल्याबाईने तो उचलला, घडी करून कमरेला खोचला. जाताना दारापाशी ती थांबली, काहीतरी म्हणणार असं वाटलं, पण "येतो मंग" म्हणून निघून गेली.

अर्ज झाला. चौकशी झाली. कारखान्याला घाण पाण्यासाठी टाक्या खोदायला लावल्या. त्या टाक्या पहिल्याच पावसात भरून नाल्यात फुटल्या आणि चार दिवस गावात दारं उघडता आली नाहीत. पुढच्या वर्षी त्या पुन्हा बांधल्या, थोड्या बऱ्या. गावाला पंचायतीने दुसरी विहीर खणून दिली. कौशल्याबाईच्या नातवाचे पाय सुधारले असं तानबा सांगत आला.

सुलोचनाला मात्र कार्यालयाची नोटीस मिळाली. तिने शासकीय आकडे परवानगीवाचून बाहेर दिले होते. तिने उत्तर लिहिलं की हे आकडे कार्यालयाने संशयास्पद म्हणून गाळलेले आहेत, एकाही शासकीय तक्त्यात ते नाहीत, तर ते शासकीय कसे. या उत्तराला उत्तर आलं नाही. एक वेतनवाढ थांबली आणि चंद्रपूरला बदली झाली. गुल्हाने साहेबांनी निरोपाच्या दिवशी तिला संत्र्याची पिशवी दिली. ते मनाने वाईट नव्हते, आणि हेच तिला सगळ्यात असह्य वाटे. वाईट माणसाचा राग तरी धरता येतो. बसस्टँडवर तिने ती पिशवी एका म्हातारीला देऊन टाकली.

चंद्रपूरला तिने कोळशाने काळ्या झालेल्या ओढ्यांचं पाणी भरलं. तिथेही एक लाल पेन्सिल होती. तिथेच रेल्वेतल्या एका लेखनिकाशी तिचं लग्न झालं, एक मुलगी झाली. शहाऐंशीच्या शेवटी वडील आजारी पडले तेव्हा अर्ज करून ती वर्ध्याला परतली.

टेंभरीचा कारखाना तोवर बंद पडला होता. पाण्यामुळे नाही, मालक भावांच्या भांडणामुळे. कामाला लागलेली गावातली पन्नासेक माणसं घरी बसली होती, आणि नाला हळूहळू निवळत होता. पुलापर्यंत डांबरी रस्ता झाल्यामुळे जीप नेणं सोयीचं पडतं म्हणून केंद्रही परत खाली, जुन्या ओट्यावर आणलं होतं. गुल्हाने साहेब बढतीवर गेले होते. त्यांच्या जागी मानकर नावाचे तरुण साहेब आले होते, नागपूरचे, उत्साही, नाल्यात स्वतः उतरून बाटली भरणारे. सुलोचनाला ते आवडले.

एके दिवशी मुंबईहून मोठं पार्सल आलं. दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्या घातलेला लांबलचक कागद. सगळ्या केंद्रांचे दहा वर्षांचे आकडे यंत्रातून छापून काढून पाठवले होते. ते तपासून 'बरोबर आढळले' अशी सही करायची आणि परत पाठवायचं. त्यावरून पुढे मोठा ग्रंथ निघणार होता, विद्यापीठांना, परदेशांना जाणार होता.

मानकरांनी टेंभरीची घडी उलगडली. "वा, थूलबाई, हे पाहा. दहा वर्षांत एकही चौकट रिकामी नाही. सगळीकडे सहाच्या आसपास. आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात स्थिर केंद्र दिसतंय."

सुलोचनाने पाहिलं. तिने कोऱ्या पाठवलेल्या बारा चौकटीसुद्धा कोणीतरी भरल्या होत्या. कारखान्याची सगळी वर्षं तिथे स्वच्छ वाहत होती. मेलेले मासे, फुटलेल्या टाक्या, पोराच्या पायांवरच्या माशा, यांतलं काही घडलंच नव्हतं. तिने मानकरांना सगळं सांगितलं, न रडता, न चिडता. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मग आता काय करायचं, बाई? खरे आकडे आहेत कुठे?"

"बाटल्यांचे रोजचे तक्ते तीन वर्षांनी रद्दीत जातात, सर. मी चौकशी केली. विकले."

"म्हणजे बदलता येणार नाही."

"नाही. पण मी सही करणार नाही. वाटलं तर शेरा लिहून देते."

तिने शेरा लिहिला, टाचणीने लावला. मानकरांनी चार दिवस विचार केला. त्यांचीही नोकरी नवी होती. मग त्यांनी स्वतः सही केली आणि तिला तसं सांगितलंही, मान खाली घालून. शेऱ्याचा कागद त्यांनी सोबत जोडला होता. पुढे ग्रंथ निघाला. त्यात टेंभरीबद्दल दोन ओळी होत्या, पाण्याची प्रत संपूर्ण काळात समाधानकारक राहिल्याच्या.

सुलोचनाने ग्रंथ चाळून बंद केला आणि अर्ज लिहायला घेतला. टेबलावरचं तपासणीचं काम नको, कायम फिरतीवर टाकावं, एवढंच मागितलं. कार्यालयात सगळ्यांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. सावलीतलं काम सोडून कोणी उन्हातान्हात बाटल्या भरायला जातं का. मीराबाईनेही विचारलं, "आता लेकरू पदरात असतांनी काऊन व हे खूळ?"

"घानीचा वास सहन होते, आई," सुलोचना म्हणाली. "त्या टेबलाचा नाई होत."

सोमवारी सकाळच्या गाडीने ती हिंगणघाटच्या बाजूला गेली, नव्या शिपायाला सोबत घेऊन. तिथल्या नदीत रंगाचं पाणी सुटत असल्याची तक्रार होती. बाटली बुडवून तिने वर काढली, औषधं टाकली, आणि तळाशी काय बसतंय ते पाहत उन्हात उभी राहिली.